लाकडावरचा सडा

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी कोंडीराम वानखडेने बाणेरच्या नव्या शाळेतल्या बास्केटबॉल हॉलमध्ये सात बादल्या पाणी मारलं, मुलींकडून ते फडक्यांनी सगळीकडे सारखं करून घेतलं, हॉलला कुलूप लावलं आणि एम-एटीला किक मारून मोठ्या समाधानाने बिबवेवाडीला घरी गेला. हॉलची जमीन लाकडाची होती. जहाजातून आलेल्या मेपलच्या फळ्या, एकीत एक बसवलेल्या, वरून पॉलिश. पण बांधकाम अजून संपलं नव्हतं, खिडक्यांतून सिमेंटची धूळ आत येत होती आणि मुली घसरत होत्या. धूळ झाली की पाणी मारायचं, एवढं कोंडीरामला वीस वर्षं ठाऊक होतं. बाकी लाकडाची ओळख त्याला पाटापुरतीच होती.

हे कुठल्या शहाण्या माणसाने केलं, असं कोणीही विचारील. पण माणूस शहाणाच होता. फक्त त्याचं सगळं शहाणपण मुरमातलं होतं.

खडकीला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत बास्केटबॉलचं एक मैदान आहे, मुरमाचं. दोन लोखंडी खांब, त्यांवर प्लायवुडचे रंगवलेले बोर्ड, कडेला कडुलिंब. मुरमाचं मैदान हे शेतासारखंच राखावं लागतं. दुपारी पाणी मारायचं, ते पोटात जिरेपर्यंत थांबायचं, वाफसा आला, म्हणजे ओल नेमकी झाली, की लोखंडी रूळ फिरवायचा, मग चुन्याच्या फक्कीने रेषा मारायच्या. घाई केली तर चिखल, उशीर केला तर पुन्हा धूळ. कोंडीराम यवतमाळकडचा. बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला. त्यामुळे वाफसा त्याला टाचेने कळायचा. कारखान्यात तो फिटर म्हणून लागला, सहा फूट उंचीमुळे कारखान्याच्या संघात ओढला गेला, आणि गुडघा कामातून गेल्यावर वसाहतीतल्या पोरींना शिकवू लागला. मध्ये रजा काढून पतियाळाला जाऊन त्याने प्रशिक्षकाचा कोर्सही केला. सतरा वर्षांत त्याच्या पोरींनी चार वेळा राज्य अजिंक्यपद आणलं. नऊ जणी महाराष्ट्राकडून खेळल्या, तिघींना खेळावर रेल्वेत नोकरी लागली. पेपरात फोटो यायचा तेव्हा कोंडीराम कडेला उभा, पँट गुडघ्यापर्यंत लाल.

आणि ह्या सगळ्या पोरींत एक मिसबा होती.

खडकी बाजारात सायकली दुरुस्त करणाऱ्या नासिरभाईंची ही मुलगी. नऊ वर्षांची असताना मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली ती दोन दिवस हललीच नाही. तिसऱ्या दिवशी कोंडीरामने तिच्या हातात चेंडू दिला. दहा वर्षांत त्याने तिच्याइतकं मन दुसऱ्या कोणावर लावलं नाही. स्वतःला मूल नव्हतं म्हणून असेल, किंवा तिच्यासारखा हातच दुसरा नव्हता म्हणून असेल. ती न बघता पास द्यायची आणि तो बरोबर पोचायचा. पण राज्याच्या मोठ्या संघाच्या निवडीत ती दोनदा मागे पडली. निवड व्हायची लाकडी मैदानावर. मुरमावर चेंडू दमून वर येतो, लाकडावर तो वीतभर जास्त उसळतो, आणि मिसबाचा हात त्या वीतभराला दोन्ही वेळा चुकला. दुसऱ्या वेळी परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. कोंडीरामने तिला चहा आणून दिला. तिने तो प्यायला नाही, नुसता हातात धरून ठेवला. तेव्हापासून त्याला रस्त्यावरून जाताना सुताराच्या दुकानातल्या फळ्याही डोळ्यांत खुपायला लागल्या.

म्हणून दोन हजार दोनच्या डिसेंबरात बाणेरच्या शाळेचं बोलावणं आलं, तेव्हा तो पगाराला भुलला नाही. शाळेच्या संचालक राजनंदिनी मॅडम म्हणाल्या होत्या, की मुलींच्या शालेय संघाबरोबर जूनपासून महिलांचा खुला संघही उभा करायचा आहे. निवडक खेळाडू, दरमहा मानधन, सरावाला लाकडी हॉल. कोंडीरामच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी एकच मुलगी आली. त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, क्वार्टर सोडलं, बिबवेवाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मिसबाला मात्र काही बोलला नाही. आधी सांगायचं आणि मग जमलं नाही तर पोर तिसऱ्यांदा तोंडघशी पडायची. आपल्या मनाचं ठरलं की ते दुसऱ्याला आपोआप कळतं, अशी काहीतरी त्याची समजूत होती.

तो खडकी सोडून चाललाय, एवढंच मिसबाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. एक एप्रिलपासून वसाहतीच्या पोरी तीन संध्याकाळ मैदानाच्या कडेला बसून राहिल्या. चौथ्या संध्याकाळी मिसबाने शिट्टी गळ्यात घातली. त्या दिवसापासून ती खेळली नाही.

पाणी मारल्यानंतरच्या सोमवारी सकाळी कोंडीराम शाळेत पोचला तर हॉलच्या दारात आनंद उभा. शाळेचा क्रीडा विभाग सांभाळणारा हा तरुण आधी एका सॉफ्टवेअर कंपनीत होता.

"सर, तुम्ही फ्लोअर पाहिलंय का?"

कोंडीराम आत गेला. दोन दिवस बंद हॉलात एप्रिलची उष्णता आणि खाली मुरलेलं पाणी. निम्म्या फळ्यांच्या कडा उचलल्या होत्या. पन्हळीच्या पत्र्यासारखी सगळी जमीन. त्याने खाली बसून हात फिरवला. कड बोटाला लागत होती.

"वॉटर कोणी टाकलं? क्लीनिंगवाल्यांना मी क्लिअरली सांगितलं होतं, ओन्ली ड्राय मॉप."

"मी मारलं," कोंडीराम म्हणाला. "धूळ होती."

आनंदने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं इंग्रजी गिळलं. ते कोंडीरामला जास्त लागलं.

राजनंदिनी मॅडम मूळच्या सदाशिव पेठेतल्या. त्यांना आवाज चढवायची कधी गरज पडत नसे. त्यांनी संपूर्ण हॉल एकदा डोळ्यांखालून घातला, मग चष्मा काढून पुसला.

"वानखडे सर, आपण शेणाने सारवलं नाहीत, हे शाळेवर उपकारच समजते मी."

"चुकलं, मॅडम."

"ते दिसतंय. एवढं स्पष्ट दिसलं नसतं तरी चाललं असतं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "फळ्या वाळवून, घासून, पुन्हा पॉलिश करायला जूनपर्यंत लागेल. जिल्हा स्पर्धा मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत मुली कुठे तयार करायच्या ते आपण बघा. स्पर्धा जिंकलो तर जूनला खुल्या संघाचं बोलू. नाहीतर तुमच्याबद्दलच बोलावं लागेल."

कोंडीराम दुपारीच घरी आला. इंदुबाई कुरडयांचा चीक घाटत होती. बावीस वर्षं पुण्यात काढूनही दोघांनी घरातली बोली बदलली नव्हती.

"काहून जी, एवढ्या लवकर आले?"

त्याने सांगितलं. ती आधी पदर तोंडाला लावून हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली.

"लाकडावर पानी कोनी मारते का?"

"धूळ होती ना."

"मंग झाडून घ्याचं असते." तिने पळीने चीक ढवळला. "मैदानाचं आता काय करसान?"

"खडकीलेच जा लागते. दुसरं मैदान कोन देते मले?"

"तिथं मिसबा हाय."

"हाय."

"तिले सांगतलं का तुमी, कोनासाठी गेलो ते?"

त्याने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली.

"आधी तिले सांगजा," इंदुबाई म्हणाली. "पोर रागात हाय का दुःखात हाय, मले तं दोन्ही एकच वाटते. पन सांगजा."

"आधी जिंकू दे. हातात कागद येऊ दे."

"कागदाची वाट पाहत बसा बाप्पा," ती म्हणाली आणि पळी त्याच्या हातात देऊन सोऱ्या शोधायला आत गेली.

वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी त्याला वीस वर्षं सलाम करत आला होता. त्याने आजही केला, आणि वही पुढे सरकवली.

"नाव, पत्ता, कोणाकडे जायचं ते लिहा सर. आता तुम्ही बाहेरचे झालात ना."

कोंडीरामने लिहिलं. कोणाकडे, ह्या रकान्यापाशी तो जरा अडला. मग त्याने लिहिलं, मिसबा शेख.

मैदानावर ती पोरींना पळवत होती. सलवार-कमीज, पायांत जुने बूट, गळ्यात शिट्टी, खांद्याच्या पिशवीतून ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी लोंबत होती. सेनापती बापट रस्त्यावरच्या एका कंपनीत ती अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायची आणि तिथून थेट इथे यायची. उन्हाने चेहरा रापला होता. त्याला पाहून पोरी "सर, सर" करत धावणार तेवढ्यात तिने शिट्टी मारली. पोरी जागच्या जागी थांबल्या.

"पळा. मी थांबा म्हटलं का?"

कोंडीराम रेषेच्या बाहेरच उभा राहिला. आत पाऊल टाकावं की नाही, हे त्याला पहिल्यांदाच ठरवता येईना.

"या सर," मिसबा म्हणाली. "तब्येत बरी?"

"बरी आहे. नासिरभाई?"

"बरे आहेत."

मग दोघंही पळणाऱ्या पोरींकडे बघत राहिले.

"मैदान पाहिजे होतं," तो म्हणाला. "शाळेच्या मुलींसाठी. दीड महिना."

"ऐकलं मी. लाकडावर सडा घातलात म्हणे." तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते हसू होतं की दुसरं काही, त्याला कळलं नाही. "वसाहतीच्या क्लबच्या सेक्रेटरींशी बोलते. साडेचार ते साडेसहा मोकळं असतं. उन्हाचं कोणी येत नाही."

"चालेल."

"आधी खेळणाऱ्याने पाणी मारायचं. रूळ फिरवायचा. रेषा मारायच्या."

"मला माहीत आहे, मिसबा."

"माहीत असणारच. येईल त्याला सांगायची पद्धत आहे, म्हणून सांगितलं."

पद्धत त्यानेच घातली होती. तो हो म्हणाला आणि फाटकाबाहेर येऊन गाडीवर बराच वेळ नुसता बसून राहिला. त्याला तिच्या तोंडून राग ऐकायचा होता. तिने त्याला नियम ऐकवले, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. ते साल पाण्याचं नव्हतं. वसाहतीत टँकर गुरुवारी यायचा. इतर दिवशी कोंडीराम भर दुपारी दोनला कारखान्याच्या मागच्या नळावरून प्लास्टिकचे दोन कॅन भरायचा, गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरीने बांधायचा आणि आठ खेपा करायचा. पाणी असं फुकट मारून चालायचं नाही. ओंजळीने फेकायचं, वाऱ्याच्या अंगाने, म्हणजे थेंब लांब जातो. साडेचारला शाळेची बस यायची. कोणाचे आईबाप सॉफ्टवेअरमध्ये, कोणाचा बाप बिल्डर. मुली अंगाने चांगल्या होत्या, खेळायच्याही बऱ्या, पण एकीनेही आयुष्यात जड वस्तू ओढली नव्हती. त्याने सहाजणींना रुळाला लावलं. रूळ हलेना.

"हातांनी नाही. पाय रोवा आणि कमरेनं ओढा. बैल कसा ओढतो?"

"सर, आम्ही बैल कधी पाहिला?" एक म्हणाली, आणि सगळ्या खिदळायला लागल्या. तोही हसला. मग रूळ हलला.

तिसऱ्या दिवशी एकीची आई मोटार घेऊन आली. मुलीच्या तळहाताला फोड आले होते. तिने काच खाली करून विचारलं, "हे बास्केटबॉल आहे की रोजगार हमी?"

"दोन्ही," कोंडीराम म्हणाला.

पण मुली टिकल्या. त्यांचं एक चांगलं होतं, की खोटं कौतुक त्यांना ओळखू यायचं आणि खरी शिकवणूकही. मुरमावर चेंडू आपटत पुढे न्यायला गेलं की तो खड्ड्यात पडून भलतीकडे जातो. त्यामुळे पास देण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन आठवड्यांत त्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात तर बसमधून उतरल्या उतरल्या आपणहून रुळाकडे पळायला लागल्या. कोंडीरामचा गुडघा संध्याकाळी सुजून पेरूएवढा व्हायचा. घरी इंदुबाई त्यावर गरम विटेचा शेक द्यायची आणि विचारायची, "सांगतलं का?" आणि तो वीट जास्त तापली म्हणून ओरडायचा.

रोज साडेसहाला मिसबा यायची. तेवढ्यासाठी त्याचा दिवस उगवायचा, हे त्याने कोणाजवळ कबूल केलं नसतं.

"झालं सर?"

"झालं."

मुली बसमध्ये चढायच्या आणि तो मात्र बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसायचा. ती नाडी बांधायला जितका वेळ लागतो तितका वेळ त्याला तिचं मैदान बघायला मिळे. ती चांगली शिकवत होती. आवाज कमी, नजर जास्त. पण चेंडू हातात आला की ती तो लगेच दुसरीकडे देऊन टाकायची, जणू गरम भांडं. एकदा चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला, समोर बोर्ड, मध्ये कोणी नाही. दहा वर्षांची सवय. तिचे खांदे किंचित पुढे झाले. कोंडीरामने श्वास धरला. तिने वाकून चेंडू उचलला आणि सोनूकडे फेकला.

सोनू तेरा वर्षांची, वसाहतीतल्या एका हेल्परची मुलगी, मिसबाच्या पोरींमध्ये सगळ्यांत चपळ. सातव्या वर्षापासून तिला कोंडीरामने घडवलं होतं. उजवीकडून ती वाऱ्यासारखी आत शिरायची. डावा हात मात्र तिचा कच्चा होता. मागच्या दिवाळीत तिने विचारलंही होतं, "सर, डावीकडून कधी?" आणि तो म्हणाला होता, पुढच्या वर्षी. घाई कशाला, आपण कुठे चाललोय?

जिल्हा स्पर्धा सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर झाली. अंतिम सामन्यात व्हायचं तेच झालं. एका बाजूला बाणेरची शाळा, दुसऱ्या बाजूला खडकी. मुरमावर पाठोपाठ सराव केलेले दोन संघ सिमेंटवर समोरासमोर आले आणि दोन्हीकडच्या मुली एकमेकींना हात करत होत्या. मध्यंतराला खडकी आठ गुणांनी पुढे होती. खडकीच्या गुणांतले चौदा एकट्या सोनूचे.

कोंडीरामच्या भोवती त्याच्या मुली धापा टाकत उभ्या होत्या. पलीकडच्या बाकावर मिसबा पोरींना पाणी देत होती. लोकांत राजनंदिनी मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी आनंद. कोंडीरामला काय सांगायचं ते दहाव्या मिनिटापासून माहीत होतं. तो ते तोंडात धरून होता. सांगितलं तर सामना फिरतो. नाही सांगितलं तर खुला संघ गेला, म्हणजे मिसबाचं लाकडी मैदान गेलं. तिच्याचसाठी तिच्याच पोरीला मारायचं होतं.

"सोनूची उजवी बाजू बंद करा," तो म्हणाला. "दोघी लागा. डावीकडे मोकळं सोडा. ती जात नाही."

सोनू तिकडे खरंच गेली नाही. तीनदा डावीकडे मोकळी वाट दिसूनही ती उजवीकडच्या भिंतीवर जाऊन आपटली. एकदा गेली, तर पाय अडखळून चेंडू बाहेर. बाणेर तीन गुणांनी जिंकलं. मुलींनी कोंडीरामला उचलायचा प्रयत्न केला, ते त्यांच्याच्याने झालं नाही. तो गर्दीतून वाट काढत मिसबाकडे गेला. तिने रिवाजाप्रमाणे हात पुढे केला.

"बरोबर ओळखलंत सर."

"मिसबा, मी..."

"ओळखणारच म्हणा. तिचं शिकणं अर्धं तुम्हीच ठेवलं होतं."

तिच्या मागे सोनू टॉवेलात तोंड खुपसून रडत होती. कोंडीरामकडे तिने पाहिलं नाही.

राजनंदिनी मॅडमनी सोमवारी त्याला बोलावून चहा दिला. "लाकूड वाळलं, आणि आपणही वाचलात," त्या म्हणाल्या, म्हणजे खूश होत्या. पेपरात फोटो आला होता, ह्या वेळी कोंडीराम मधोमध. पुढच्या वर्षासाठी आणखी दोन शाळांनी त्याच्याबद्दल चौकशी केल्याचं आनंदने हसत हसत सांगितलं. खुल्या संघाचं नक्की झालं. पहिलं नाव कोणाचं घालायचं, असं मॅडमनी विचारलं आणि त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं. त्यांनी तिथेच शाळेच्या कागदावर पत्र टाइप करवून सही केली.

तो त्याच संध्याकाळी खडकीला गेला. फाटकावर वहीत नाव लिहिलं. साडेसहाला दहा कमी होते. मैदान रिकामं होतं. त्या दिवशी पाणी मिसबानेच मारलेलं दिसत होतं, तिच्या ओढणीची टोकं ओली होती. ती फक्कीच्या डब्याने रेषा मारत मागे मागे सरकत होती. तो रेषा पुरी होईपर्यंत थांबला. मग पत्र दिलं.

तिने चुन्याचे हात कमिजाला पुसले आणि पत्र उभ्याने वाचलं. दोनदा वाचलं.

"हे कधी ठरलं?"

"डिसेंबरात. म्हणजे माझ्या मनात. त्यासाठीच गेलो मी." आता सुरुवात झाली तशी त्याला थांबता येईना. "लाकडावर तुझा हात वीतभर चुकतो. सहा महिने रोज लाकडावर खेळलीस तर बसेल. वीस वर्षांची आहेस. अजून चार-पाच वर्षं आहेत. निवड काय, तू देशाकडून खेळशील. मी उगाच बोलत नाही. एवढ्या पोरी पाहिल्या. तुझ्यासाठी गेलो, मिसबा. पगारासाठी नाही."

कडुलिंबाखाली वसाहतीच्या पोरी जमायला लागल्या होत्या, बूट झटकत, वेण्या वर बांधत.

"मला सांगितलं का नाही?"

"नाही जमलं तर तुला वाईट वाटलं असतं."

"आणि न सांगता गेलात ते?"

त्याने मान खाली घातली. सहा फुटांचा माणूस, पण त्या वेळी कुठे उभं राहावं हे त्याला कळत नव्हतं.

तिने पत्राची घडी घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. "सर, रोज रात्री झोपताना मी डोक्यात खेळते. तुम्हाला खोटं वाटेल. प्रत्येक पास. अब्बांना वाटतं मी झोपले." तिने कडुलिंबाखालच्या पोरींकडे पाहिलं. "पण तुम्ही गेलात म्हणून मी थांबले. आता मी गेले, तर ह्यांच्यातली कोणीतरी थांबणार. सोनूच थांबेल, तीच मोठी आहे. तेराव्या वर्षी गळ्यात शिट्टी घालेल. मग तिच्यासाठी कोण पत्र आणणार?"

"दुसरा कोणी कोच बघू. मी बघतो."

"दोन महिन्यांत कोणी आलं?"

कोणी आलं नव्हतं. मुरमावर फुकट उन्हात उभं राहायला कोणी येणारही नव्हतं, हे त्याच्याइतकं चांगलं कोणाला माहीत?

तिने पत्र त्याच्या हातात परत दिलं. तिची बोटं चुन्याने पांढरी झाली होती, तशीच पत्रावर उमटली.

"साडेसहा झाले सर," ती म्हणाली.

"हो. हो." तो रेषेबाहेर सरकला. मग त्याच्याने राहवेना. "जरा वेळ बघत थांबू का?"

मिसबाने त्याच्याकडे पाहिलं.

"बाहेरून बघा. पण बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही. मुली तुमच्याकडे बघायला लागतात, मग माझं कोणी ऐकत नाही."

"नाही बोलणार."

"कबूल?"

"कबूल."

तो तारेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला. पोरी पळाल्या, वाकल्या, पास देत राहिल्या. मग मिसबाने सोनूला एकटीला बोलावलं आणि बोर्डाच्या डाव्या बाजूला उभं केलं. डावीकडून आत शिरायचं, डाव्या हाताने चेंडू वर घालायचा. सोनू धावली आणि अडखळली. पुन्हा धावली, पुन्हा अडखळली. कोंडीरामला पहिल्याच वेळी कळलं. ती सवयीने डाव्या पायावरून उडत होती. डाव्या हाताला उजव्या पायावरून उडावं लागतं. एवढीच गोष्ट. चार शब्दांचं काम होतं. ते चार शब्द त्याच्या जिभेवर आले आणि त्याने तार घट्ट धरली. सोनू सहाव्यांदा अडखळली, आठव्यांदा पडली. गुडघा खरचटला. उठून तिने पहिल्यांदा कुंपणाकडे पाहिलं, त्याच्याकडे, मदतीसाठी. त्याने नजर वळवून कडुलिंबाकडे बघितलं. आयुष्यात त्याला कुठला सामना इतका जड गेला नव्हता.

"इकडे बघ, तिकडे नाही," मिसबा म्हणाली. "पाय चुकतोय तुझा. दे चेंडू."

तिने ओढणी कमरेला बांधली. दोन वेळा चेंडू मुरमावर आपटला. मग ती निघाली. डावा पाय, उजवा पाय, आणि ती उडाली. हात पूर्ण लांब, मनगट सैल. चेंडू बोर्डाला लागून जाळीतून खाली आला. ती वाकून उतरली, तशीच जशी वर्षानुवर्षं उतरायची. पोरी ओरडल्या, टाळ्या वाजवल्या. सोनू तोंड उघडं टाकून बघत राहिली.

कोंडीरामचं तोंड उघडलं होतं. 'शाब्बास' ओठांपर्यंत आलं होतं. मिसबा धापा टाकत वळली आणि तिने थेट कुंपणाकडे पाहिलं.

तो काही बोलला नाही. कबूल केलं होतं.